थेंबकाकांचं पिवळं फूल

थेंबकाकांना खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर छापून यायचं. बाकी सगळ्या जगाला ते थेंबकाका. रंगाच्या दुकानात त्यांची उभी हयात गेली होती. गिऱ्हाइकाने जुन्या दाराचा टवका आणून ‘अगदी हाच रंग द्या’ म्हणायचं, की काका पांढऱ्या रंगाचा डबा उघडून त्यात एकेक रंग सोडत जायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, झालं की. मालक म्हणायचा, झालं की. काका मान हलवायचे आणि म्हणायचे, अजून एक थेंब. तो थेंब पडला की टवका आणि रंग जुळ्या भावांसारखे दिसायला लागायचे. त्यांनी दुकान सोडलं, मालकाच्या जागी मालकाचा मुलगा बसला, रंग मिसळायला यंत्र आलं. तरी यंत्राचं गाडं अडलं की फोन काकांनाच यायचा. काका फोनवर आधी कुरकुरायचे आणि मग अर्ध्या मिनिटात चपला घालायचे.

घरात तिघं. मुलगा फरशा बसवण्याची कामं घ्यायचा. सून दातांच्या कारखान्यात होती. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि तिथे कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या तयार व्हायच्या. कारखान्यात सून दातांना रंग द्यायची. लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने सासऱ्यांना सहज सांगितलं होतं की दातांचा पांढरा हा एक रंग नसतो, त्यात डझनावारी पांढरे असतात. काकांनी हातातला पेपर खाली ठेवला. मुलाने चांगलं काम केलं, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तेव्हापासून सून कधीमधी दोन दात रुमालात बांधून घरी आणायची, खिडकीच्या उजेडात सासऱ्यांच्या तळहातावर ठेवायची आणि विचारायची, यातला कुठला जवळचा? काका एक दात बोटाने पुढे सरकवायचे. मुलगा म्हणायचा, आमच्या घरात लोक जेवणापूर्वी दात घासत नाहीत, दात निवडतात.

मागच्या अंगणातलं तळं हा मुलाचा उद्योग. एका मोठ्या कामातून उरलेल्या निळ्या फरशा बघून त्याला स्फुरण चढलं आणि त्याने खड्डा खणला, सिमेंट केलं, फरशा बसवल्या, मध्ये छोटं कारंजं सोडलं. उत्साह तेवढ्यातच संपला. तळ्यात शेवाळ आलं, कारंजं उचक्या देत राहिलं. शेवटी सुनेने पदर खोचला आणि म्हणाली, इथे मी वॉटरलिली लावणार.

नर्सरीवाल्याने तिला पाण्याच्या पिंपातून एक काळपट, आल्यासारखा दिसणारा कंद काढून दिला. थंडीला न घाबरणारी जात आहे, पानं गेली तरी कंद खाली जिवंत राहतो, असं तो म्हणाला. कंदाला बांधलेल्या चिठ्ठीवरची अक्षरं पाण्याने कधीच धुऊन नेली होती. फूल कुठल्या रंगाचं, हे त्यालाही आठवेना. छानच असेल, एवढी हमी मात्र त्याने छातीवर हात ठेवून दिली.

पहिला प्रयत्न फसला. सुनेने कुंड्यांसाठी मिळते ती भुसभुशीत विकतची माती पसरट घमेल्यात भरली, कंद पुरला आणि घमेलं तळ्यात सोडलं. घटकाभरात सगळी माती वर तरंगायला लागली आणि तळ्याचा चहा झाला. मुलगा खिडकीतून म्हणाला, साखर टाका आता. दुसऱ्या खेपेला तिने बांधकामावरची जड चिकणमाती मागवली. मुलानेच ती गुपचूप आणून टाकली, पुढे एक अक्षर बोलला नाही. काका स्टूल घेऊन काठावर बसले. कंद घमेल्याच्या कडेला तिरका ठेवायचा, कोंब मातीच्या वर राहू द्यायचा, वरून खडी पसरायची. सून नर्सरीवाल्याचं ऐकून एकेक करत होती आणि काका उंटावरून शेळ्या हाकत होते. घमेल्याखाली विटा रचल्या. पानं लांब झाली की एकेक वीट काढायची आणि घमेलं खाली न्यायचं. कारंज्याचे शिंतोडे या झाडाला सोसत नाहीत असं कळलं, तेव्हा कारंजं मुळापासून उपटलं गेलं. मुलगा दोन दिवस फुगला होता.

पानं आली. आधी तपकिरी गुंडाळ्या वर आल्या, मग त्या उलगडून पाण्यावर थाळ्यांसारख्या पसरल्या. सून कामावर जाण्याआधी आणि आल्यावर तळ्यापाशी जायची. दिवसभराची राखण काकांकडे. पिवळं पान दिसलं की देठापाशी कापायचं, पानांवर मावा आला की पाण्याचा फवारा मारून तो धुऊन काढायचा. काका डोळ्यांत तेल घालून हे करायचे. पुढे एक कळी पाण्याच्या वर आली, गोटीएवढी, मग अंड्याएवढी.

आणि इथेच सुनेचं नशीब आडवं आलं. हे फूल म्हणजे साहेबी स्वभावाचं. ऊन चांगलं वर आल्यावर उघडायचं आणि दुपार कलली की दुकान बंद. सून सकाळी आठला बाहेर पडायची आणि दिवेलागणीला परतायची. तिच्या वाट्याला दोन्ही वेळा मिटलेली हिरवी मूठ.

पहिल्या दिवशी फूल उघडलं तेव्हा काका एकटेच होते. ते किती वेळ काठावर उभे राहिले त्यांचं त्यांनाच कळलं नाही. संध्याकाळी सून चपला न काढताच मागे धावली आणि मिटलेल्या कळीकडे बघत तिने विचारलं, कसं होतं?

“पिवळं,” काका म्हणाले. “पण नुसतं पिवळं नाही. लोणी असतं ना ताजं, तसं. मध्ये थोडं गडद.”

सुनेने डोळे मिटून घेतले. काकांचा फोन बटणांचा होता, त्यात फोटो निघत नव्हता. आणि निघत असता तरी त्यांनी काढला नसता. आयुष्यभर गिऱ्हाइकांनी आणलेल्या फोटोंनी त्यांना छळलं होतं. फोटोतल्या रंगावर भरवसा ठेवणं म्हणजे बहिऱ्याकडून निरोप पाठवणं, असं ते म्हणायचे. सुनेलाही फोटो नको होता. मला रविवारी समोरासमोर बघायचंय, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काका चहाचा कप घेऊन तळ्यावर गेले आणि कप तसाच हातात राहिला. फूल उघडलं होतं, पण ते लोण्यासारखं नव्हतं. पिकलेल्या जर्दाळूसारखं होतं. काकांनी मान तिरकी करून पाहिलं, उन्हाकडे पाठ करून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. जर्दाळू ते जर्दाळूच. काल घाईत नीट पाहिलं नसेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण रंगाच्या बाबतीत त्यांनी आजवर घाई कधी केलीच नव्हती. संध्याकाळी सुनेने विचारलं तेव्हा ते म्हणाले, कालच्यासारखंच.

तिसऱ्या दिवशी फूल तांबडं होतं. नवी कोरी वीट भिजल्यावर दिसते तसं, आतून शेंदरी. काका स्टूल ओढून बसले.

गेल्या वर्षीच त्यांच्या एका जुन्या मित्राला मोतीबिंदू झाला होता, आणि सगळ्या रंगांवर मळकट पडदा आल्यासारखं वाटतं असं तो सांगायचा. काकांनी तेव्हा त्याला धीर दिला होता. दुसऱ्याला धीर द्यायला काय जातं. आता ते घरात गेले, कपाटातून जुनी रंगांची पट्टी काढली आणि एकेक रंग बघून त्याचं नाव घेत सुटले. सगळे बरोबर आले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही पट्टी त्यांना तोंडपाठ आहे, अंधारातसुद्धा ते बिनचूक सांगतील. पाठ असलेल्या परीक्षेत पास होण्यात कसलं आलंय शहाणपण. त्यांनी पट्टी परत ठेवून दिली.

संध्याकाळी सुनेने विचारलं. काका म्हणाले, पिवळंच.

एकदा पिवळं म्हटलं की मग पिवळंच म्हणत राहावं लागतं. रविवार आला तो आभाळ भरून. आणि तोवर ते फूल मिटून, मान वाकडी करून पाण्याखाली गेलंही होतं. सून दिवसभर खिडकीपाशी येरझाऱ्या घालत राहिली. मुलगा तिला म्हणाला, तू त्या फुलाला पाण्यात बघतेस आणि ते तुला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाजारात निघून गेला.

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारची शिवणकाम करणारी बाई मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन भिंतीपाशी आली. बोलता बोलता ती म्हणाली की परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना तुमचं लाल फूल दिसलं, काय देखणं होतं. सून म्हणाली, लाल कसं असेल, बाबा तर पिवळं म्हणतात. शेजारीण क्षणभर गोंधळली, मग हसली. थेंबकाका पिवळं म्हणत असतील तर पिवळंच असणार, माझीच नजर चुकली, असं म्हणून तिने विषय बदलला.

काका आत बसून ऐकत होते. शेजारणीच्या डोळ्यांना सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवता येतो. म्हणजे फूल लाल. म्हणजे तिसऱ्या दिवशी त्यांना खरं दिसलं आणि पहिल्या दिवशी खोटं. डोळे सरसकट गेले असते तर माणूस निदान गप्प घरी बसतो. पण कधी खरं आणि कधी खोटं बोलणारे डोळे घेऊन काय करायचं?

त्यानंतर काकांचं बोलणं आटलं. तळ्यावर जाणंही त्यांनी बंद केलं. ऊन लागतं म्हणाले. पानं पिवळी पडून तशीच राहायला लागली. दुकानातून मालकाच्या मुलाचा फोन आला. एका बाईंच्या जुन्या कपाटाचं एक दार बदललं होतं आणि नव्या दाराचा रंग काही केल्या जुळत नव्हता, यंत्राने तीन वेळा हात टेकले होते. काका म्हणाले, गुडघा दुखतोय. फोन ठेवल्यावर ते ताडताड चालत स्वयंपाकघरात गेले आणि पाणी प्यायले. सुनेने ते पाहिलं.

मग एका संध्याकाळी तिने रुमाल सोडला आणि दोन दात त्यांच्यापुढे ठेवले. एका गाणाऱ्या बाईंचा पुढचा दात होता, सगळं लक्ष तिथेच जाणार, चुकून चालणार नव्हतं. काका म्हणाले, चष्मा सापडत नाहीये गं. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. तिने दात परत रुमालात बांधले. रात्री नवऱ्याशी तिचं हळू आवाजात बोलणं झालं. नवऱ्याचं म्हणणं, म्हातारपण आहे, चालायचंच. तिचं म्हणणं, म्हातारपण एका आठवड्यात येत नाही.

तळ्यात तोवर दोन नव्या कळ्या आल्या होत्या. सुनेने कारखान्यात सुट्टी मागितली. कारण काय, असं विचारल्यावर तिने खरं ते सांगितलं, फूल बघायचंय. मॅनेजरला ते इतकं अनपेक्षित होतं की त्याने हो म्हणून टाकलं.

सकाळचं आवरून तिने काठावर दोन खुर्च्या मांडल्या आणि सासऱ्यांना बोलावलं. काकांनी उन्हाचं कारण सांगितलं. तिने छत्री आणली. काकांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. तिने पाय ठेवायला स्टूल आणलं. सगळी कारणं संपली तेव्हा काका येऊन बसले, फाशीच्या तख्तावर बसावं तसे. त्यांनी नजर आपल्या चपलांवर ठेवली.

ऊन फरशांवरून सरकत पाण्यावर आलं. बराच वेळ गेला. मग तिच्या खुर्चीचा आवाज झाला. ती उठून पुढे गेली होती, अगदी काठाशी उकिडवी बसली होती. काकांना वाटलं ती आता ओरडेल, हसेल, काहीतरी म्हणेल. ती काहीच म्हणेना. न राहवून त्यांनी वर पाहिलं. पानांच्या मध्ये दोन फुलं उघडली होती. एक ताज्या लोण्यासारखं पिवळं. त्याच्या हातभर पलीकडे दुसरं, भिजल्या विटेसारखं तांबडं.

झाड एकच. घमेलं एकच. काकांनी डोळे मिटून घेतले. आता एकाच वेळी दोन-दोन रंग दिसायला लागले, म्हणजे कारभार आटोपला.

“बाबा,” सून वळून म्हणाली, “बघितलंत का?”

“तू आधी सांग.”

“काय सांगू?”

“तुला काय दिसतंय ते सांग. नीट सांग. रंग सांग.”

त्यांचा आवाज असा निघाला की सुनेने फुलांकडचं लक्ष काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने कारखान्यात मापाचा कागद वाचते तसं, सावकाश सांगितलं. हे अलीकडचं पिवळं आहे, लोण्यासारखं, मध्ये थोडं गडद. आणि ते पलीकडचं लाल आहे.

“लाल म्हणजे कसलं लाल?”

“विटेसारखं. आतून शेंदरी.”

“नक्की?”

“बाबा, मी दिवसभर पांढऱ्यातले पांढरे वेगळे करते. मला पिवळं आणि लाल कळणार नाही का?”

काका उठले आणि पाण्याशी आले. गुडघ्याची त्यांना आठवणही राहिली नाही. ते सुनेच्या शेजारी काठावर बसले, फुलांकडे बघत राहिले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. मग हसायला लागले. दोन्ही एकदम चाललेलं पाहून सून घाबरली. पण हसता हसता त्यांनी सगळं सांगून टाकलं. पहिला दिवस, जर्दाळू, वीट, रंगांची पट्टी, शेजारीण, कपाळावरचा चष्मा.

तिने तिथूनच नर्सरीवाल्याला फोन लावला. तो पलीकडून निवांतपणे म्हणाला की हो, असते एक जात तशी, पहिल्या दिवशी पिवळी उघडते आणि रोज गडद होत लाल होते, मग पाण्याखाली जाते. तुमच्याकडे ती गेली वाटतं. सुनेने विचारलं, हे आधी नाही का सांगायचं? तो म्हणाला, चिठ्ठीवर लिहिलं होतं की.

फोन ठेवून ती सासऱ्यांकडे वळली. मग म्हणाली, “मला का नाही सांगितलंत?”

“तू दात घेऊन येतेस ना माझ्याकडे,” काका म्हणाले. “मला वाटलं, आता ते बंद होईल.”

“समजा झाले असते डोळे खराब. मग मी तुम्हाला रंग सांगितले असते आणि तुम्ही मला थेंब सांगितला असता. दात काय एकट्याने होतात का?”

काकांनी वाकून, बाही भिजवत, एक पिवळं पडलेलं पान देठापाशी खुडलं.

सुनेने मात्र त्यांना तेवढ्यावर सोडलं नाही. फुलाने सोडवलं म्हणून डोळे तपासायचे नाहीत असं होत नाही, असं म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी दिवे मारले, अक्षरं वाचायला लावली आणि शेवटी रंगीत ठिपक्यांच्या चकत्या पुढे धरल्या. काकांनी एकेक आकडा ओळखला आणि एका चकतीपाशी थांबून म्हणाले की हा हिरवा छापताना निळा जरा जास्त पडलाय. डॉक्टरीणबाईंनी चकती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या की डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची नुसती चाहूल आहे, घाई काही नाही, वर्षाने या. काकांनी ते वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

घरी येताना ते वाटेतच दुकानात शिरले. मालकाच्या मुलाने गुडघा कसा आहे विचारलं. काका म्हणाले, कुठला गुडघा? कपाटाचं दार अजून भिंतीला टेकून उभं होतं. सून बाहेर बाकावर बसली, मग कंटाळून आत आली, आणि शेवटी दोघांनी मिळून त्या दाराच्या खनपटीला बसून ते तपकिरी एकदाचं धरलं. तिचं म्हणणं होतं की त्यात किंचित करडा हवा. काकांनी टाकून पाहिला. हवाच होता.

रात्री जेवताना हे सगळं मुलाला सांगण्यात आलं. त्याने घास चावत दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. फूल रोज रंग बदलतं, यावर त्याचा तसूभरही विश्वास बसला नाही. मागे जाऊन आला तर कळ्या मिटलेल्या. तुम्ही दोघं मिळून मला बनवताय, तो म्हणाला, आधी कारंजं काढलंत आणि आता हे.

सून म्हणाली, सुट्टी घे. काका म्हणाले, एका दिवसाने भागायचं नाही, तीन घे.